स्मोकी आईजमधला धूर येतो कुठून?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि तिच्या आगेमागे फोनवर मेकअपच्या रील्सचा पूर येतो. अर्ध्या मिनिटात एखादी मुलगी पापणीवर तीनचारदा ब्रश फिरवते, कॅमेरा जवळ येतो आणि तिचे डोळे असे काही गहिरे दिसतात की रिसेप्शनच्या संध्याकाळी आपणही तेच करायला बसतो. आरशात मात्र भलतंच काही दिसतं. मावशी काळजीने विचारते, "झोप झाली नाही का गं?" पार्लरमधल्या ताईंना विचारावं, तर "ब्लेंडिंग कमी पडलं" एवढंच उत्तर मिळतं. म्हणजे काय कमी पडलं, ते काही कळत नाही.

रीलमध्ये काय केलं ते दिसतं. का केलं ते सांगायला तिथे वेळ नसतो. आणि हे 'का' एकदा समजलं की व्हिडिओ समोर न ठेवताही हात बरोबर चालतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

काळा रंग लागतोच असं नाही

स्मोकी आईज म्हणजे काळे डोळे, असा बहुतेकींचा समज असतो. प्रत्यक्षात हा मेकअप चॉकलेटी, वाईन, गडद हिरव्या, मोरपिशी अशा कुठल्याही गडद रंगात होतो. त्याची ओळख रंगावरून ठरत नाही, कडेवरून ठरते. पापण्यांच्या केसांपाशी रंग सगळ्यात गडद असतो. तिथून वर जाताना तो विरत जातो आणि शेवटी त्वचेत असा मिसळतो की "इथे संपला" म्हणून बोट ठेवता येत नाही. नेहमीच्या काजळाच्या रेघेला किंवा टोकदार आयलायनरला मात्र स्पष्ट कड असते. आयलायनर चांगलं जमलं की नाही हे ती कड किती नेमकी आली त्यावरून ठरतं. इथे सगळी मेहनत कड नाहीशी करण्यात जाते, आणि ब्लेंडिंग म्हणतात ते हेच.

रांगोळीत व्यक्तिचित्र काढणाऱ्या कलाकाराचा हात पाहिला असेल, तर ही गोष्ट लगेच पटेल. नाकाच्या बाजूची सावली काढताना तो गडद रंग टाकून थांबत नाही. गडद आणि फिकट यांच्या सीमेवर मधल्या छटेची भुकटी चिमटीतून इतकी बारीक सोडतो की सीमा हरवून जाते. त्याला हेही ठाऊक असतं की चिमूटभर रंग आणखी टाकता येतो, पडलेला मात्र उचलता येत नाही. आयशॅडो हीसुद्धा भुकटीच आहे आणि तिला हाच नियम लागू पडतो. घरी फसलेल्या बहुतेक स्मोकी आईजमध्ये मधली छटाच गायब असते. काळा रंग थेट त्वचेवर येतो, त्याची कड दिसू लागते, ती पुसण्यासाठी आपण घासत सुटतो आणि काळा रंग भुवईपर्यंत पोचतो.

डोळा मोठा दिसतो, तो का?

एक छोटासा प्रयोग करून बघा. कागदावर रुपयाच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून दोन सारखी वर्तुळं काढा. एकाभोवती अगदी लगटून, थोडंसंच मोठं दुसरं वर्तुळ काढा. दुसऱ्याभोवती चांगलं ताटलीएवढं काढा. आता आतली दोन वर्तुळं सारखी वाटत नाहीत. लगटून कडं असलेलं मोठं वाटतं, ताटलीतलं लहान. बेल्जियमचे जोसेफ डेलबफ यांनी १८६५ मध्ये या दृष्टिभ्रमाबद्दल लिहिलं, त्यामुळे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आयलायनर, मस्कारा आणि आयशॅडो यांमुळे डोळा किती मोठा भासतो, हे जपानमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रयोग करून मोजलं. वाढ थोडी असते, पण मोजता येण्याइतकी असते.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी: डोळ्याभोवतीचं गडद कडं डोळ्याच्या जवळ राहिलं, तर मेंदू ते कडं आणि डोळा एकत्र धरतो आणि डोळा मोठा वाटतो. तेच कडं भुवईपर्यंत आणि खाली गालापर्यंत पसरलं, तर ताटलीतल्या वर्तुळासारखी गत होते. म्हणून "जास्त लावलं की जास्त उठून दिसेल" हा हिशोब इथे उलटा पडतो. गडद भाग पापणीच्या घडीच्या किंचित वरपर्यंत, त्यापुढे नाही.

दुसरं कारण अधिक सरळ आहे. गडद रंगाशेजारी पांढरा रंग जास्त पांढरा वाटतो. पापणीची कड गडद केली की बुबुळाभोवतीचा पांढरा भाग उजळ भासतो आणि नजर तिकडे खेचली जाते. दशावतारातले कलाकार डोळे काळ्या रंगाने ठसठशीत रेखाटतात, त्याचाही उपयोग हाच. देवळाच्या आवारात शेवटच्या ओळीत बसलेल्याला डोळ्यांतला भाव दिसायला हवा.

मूकपटांची गरज

आजच्या स्मोकी आईजचा थेट पूर्वज अमेरिकेच्या मूकपटात सापडतो, आणि तिथे तो निव्वळ हौसेखातर आलेला नाही. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती आणि निळ्याला फार संवेदनशील. लाल ओठ पडद्यावर काळे दिसत आणि निळे डोळे इतके फिकट होत की जणू डोळ्यांत बुबुळच नाही. संवाद ऐकू येत नव्हते, सगळा अभिनय डोळ्यांवर, आणि डोळेच दिसेनात! मग डोळ्यांभोवती गडद रंग लावण्यावाचून इलाज नव्हता. १९१७ च्या 'क्लिओपात्रा'मध्ये थीडा बारा ही नटी असे काळे, धुरकट डोळे घेऊन आली आणि पुढच्या दशकात क्लारा बो, लुईस ब्रूक्स या नट्यांमुळे ते घराघरांतल्या आरशांपर्यंत पोचले. १९२२ मध्ये तुतनखामुनची कबर सापडली आणि इजिप्तची जी लाट उसळली, तिने त्यात भर घातली. सगळ्या रंगांना नीट टिपणारी फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली आणि मूळ गरज संपली. फॅशन मात्र उरली.

काजळाचा इतिहास अर्थातच याहून फार जुना आहे. प्राचीन इजिप्तमध्ये बायका आणि पुरुष दोघंही शिशाच्या खनिजापासून बनवलेलं काळं अंजन लावत. त्या शिशाचा विषय पुढे येणारच आहे.

गव्हाळ आणि सावळ्या रंगावर करडा रंग का फसतो

हा भाग जरा सविस्तर घेते, कारण परदेशी व्हिडिओ पाहून शिकताना आपल्याकडच्या मुली नेमक्या इथेच अडकतात.

काळी आयशॅडो बहुतेक वेळा काळ्या आयर्न ऑक्साइडने, म्हणजे लोखंडापासून बनलेल्या रंगाने काळी होते. पण डबीत निव्वळ रंग नसतो. सोबत टाल्क, अभ्रक अशी भरणाची भुकटी असते, आणि करड्या छटांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंगही असतो. गोऱ्या, गुलाबी त्वचेवर हे मिश्रण विरळ केलं की ते नुसतं फिकट करडं दिसतं, आणि रीलमध्ये आपल्याला तेच आवडतं. आपल्या पिवळसर-तपकिरी त्वचेवर मात्र कडेकडेला काळा रंग विरळ झाला की मागे पांढुरकी भुकटी उरते आणि पापणीवर राख फासल्यासारखं दिसतं. हात चुकलेला नसतो, रंगाची निवड चुकलेली असते.

यावरचा उपाय त्या मधल्या छटेत आहे. मेकअपवाले तिला ट्रान्झिशन शेड म्हणतात: त्वचा आणि गडद रंग यांना जोडणारा दुवा. ती स्वतःच्या त्वचेहून दोनतीन पायऱ्या गडद आणि उबदार हवी. गव्हाळ रंगाला दालचिनीसारखा किंवा विटकरी तपकिरी शोभतो, सावळ्याला चॉकलेटी किंवा मातकट लाल. परदेशी पॅलेटमध्ये ट्रान्झिशन म्हणून दिलेला बदामी रंग सावळ्या पापणीवर दिसतच नाही. तो लावला काय आणि न लावला काय, सारखंच. दुकानात तपासायचं असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा रंग घेऊन बोटाने पसरवा. विरळ झाल्यावर पांढरट झाक दिसली, तर ती डबी खाली ठेवा.

त्वचा फार सावळी असेल तर काळा रंग त्वचेपासून पुरेसा वेगळाच उमटत नाही. तिथे गडद वाईन, गडद निळा किंवा तांब्यासारखी चमक असलेला तपकिरी जास्त खुलतो. माझं मत विचाराल तर मराठमोळ्या पैठणीसोबत, त्या जरीच्या काठांसोबत, काळ्यापेक्षा चॉकलेटी-वाईन स्मोकी कितीतरी सरस दिसतो. काळा शोभतो तो रात्रीच्या सोहळ्याला, एकरंगी साडीवर.

सामान किती लागतं?

फार नाही. एक मऊ काजळ पेन्सिल, तीन आयशॅडो (मधली, गडद आणि हवी असल्यास एक चमकदार), दोन ब्रश आणि मस्कारा. चमकदार छटेतली चकाकी बहुधा अभ्रकाच्या पातळ चकत्यांमुळे येते. आपल्याकडे हे अभ्रक झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून निघतं, आणि तिथल्या खाणींमध्ये मुलं राबतात हे अनेकदा उघड झालं आहे. डबी विकत घेताना कंपनी अभ्रक कुठून आणते याची माहिती देते का, हे पाहायला काही हरकत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ब्रशवर करा. त्यातला एक चपटा आणि दाट केसांचा हवा, रंग दाबून बसवायला. दुसरा फुगीर आणि मऊ हवा, कड विरवायला. डबीसोबत फुकट मिळणाऱ्या स्पंजच्या काडीने रंग भरता येतो, विरवता येत नाही. महागड्या पॅलेटला स्पंजची काडी, यापेक्षा साध्या पॅलेटला चांगला फुगीर ब्रश हजार पटींनी बरा.

आता प्रत्यक्ष हात चालवू

डोळे आधी, चेहऱ्याचा बेस नंतर. गडद भुकटीचे कण गालावर झडतात. खाली फाउंडेशन असेल तर ते पुसताना बेसही निघतो आणि डोळ्याखाली करडे डाग राहतात. फाउंडेशन लावलेलं नसेल तर ओल्या कापसाने पुसलं की काम झालं.

पापणीवर आय प्रायमर (रंग धरून ठेवणारी क्रीम) किंवा कन्सीलर (डाग झाकणारी क्रीम) अगदी पातळ पसरवा. पापणीची त्वचा साधारण अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे शरीरातली सगळ्यात पातळ. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिटतो, आणि दर वेळी ती घडी पडून उलगडते. खालचा थर जाड असेल तर तो घडीत गोळा होणारच. कन्सीलरवर त्वचेच्या रंगाची थोडी भुकटी टेकवा. ओलसर पृष्ठभागावर गडद रंग पडला तर तिथेच चिकटून धब्बा होतो, मग तो विरत नाही.

आता मधली छटा. आरशात समोर सरळ पाहा, डोळे उघडे. पापणीची घडी जिथे पडते त्याच्या किंचित वर फुगीर ब्रशने डावी-उजवीकडे हलके फिरवा. ब्रशची दांडी मागच्या टोकाकडे धरली की हाताचा दाब आपोआप कमी होतो. ब्रशवर रंग घेतल्यावर दर वेळी तो झटका. ही छटा एकटीच नीट विरली पाहिजे. इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पुढची पाच वाचतात.

नंतर काजळ पेन्सिल. वरच्या पापणीच्या केसांलगत जाडसर, वेडीवाकडी रेघ ओढा, सुबक असायची गरजच नाही. ती लगेच बोटाने किंवा चपट्या ब्रशने वरच्या दिशेने पसरवा, पण अर्ध्या पापणीच्या पुढे नेऊ नका. 'स्मज-प्रूफ' पेन्सिलींमध्ये उडून जाणारे द्रव असतात. ते अर्ध्या-एक मिनिटात उडतात आणि मागे न हलणारा पापुद्रा उरतो. त्यामुळे अशा पेन्सिलीने दोन्ही डोळ्यांवर रेघा ओढून मग पसरवायला गेलात, तर पहिला डोळा हातचा गेला असं समजा. एका वेळी एकच डोळा घ्या. साधं, तेल-मेणाचं काजळ मात्र वाळत नाही. पसरवायला ते उत्तम आणि त्याच कारणाने टिकायला कच्चं.

काजळावर गडद आयशॅडो चपट्या ब्रशने दाबून बसवा. इथे ब्रश फिरवायचा नाही, टेकवायचा. खालचा तेलकट थर भुकटी धरून ठेवतो आणि भुकटी त्या थराला हलू देत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज असते. नुसती भुकटी लवकर फिकट होते, नुसतं काजळ घडीत जमतं.

आता राहिली कड, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला. फुगीर ब्रश टिश्यूवर पुसून कोरडा करा आणि गडद रंग जिथे मधल्या छटेला भेटतो तेवढ्याच पट्टीवर छोटी-छोटी वर्तुळं काढत फिरवा. ब्रश गडद भागाच्या मध्यात नेलात तर तिथला रंग उडतो, फार वर नेलात तर काळं पसरतं. तरीही कड दिसत असेल तर घासू नका. ब्रशवर थोडी मधली छटा घेऊन सीमेवर टाका. हाताला सवय नसताना हा एकच उपाय बऱ्याच जणींचा मेकअप वाचवतो.

खालच्या पापणीला हात आखडता घ्या. केसांच्या मुळाशी, बाहेरच्या कोपऱ्यापासून जेमतेम मध्यापर्यंत, आधी मधली छटा आणि हवी तर वर थोडी गडद. बाहेरच्या कोपऱ्यात वरचा आणि खालचा रंग जोडून घ्या. नाकाकडचा कोपरा मोकळा किंवा हलका चमकदार ठेवला तर डोळे एकमेकांजवळ आल्यासारखे दिसत नाहीत. शेवटी मस्कारा. मग दोन पावलं मागे सरकून दोन्ही डोळे एकत्र बघा. आरशाला नाक लावून बसलं की एकेक डोळा सुंदर दिसतो, पण दोन्ही सारखे झालेत का ते दुरूनच कळतं.

"पण माझे डोळे लहान आहेत..."

ही शंका सगळ्यात जास्त येते. लहान डोळ्यांना स्मोकी चालतं. चालत नाही ते चारही बाजूंनी ठळक काळी चौकट घालणं. गडद भाग केसांलगत अरुंद ठेवा, रंग बाहेरच्या कोपऱ्यात वरच्या दिशेने विरवा आणि खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काळ्याऐवजी त्वचेच्या रंगाची पेन्सिल लावा.

पापणीची घडी डोळा उघडल्यावर झाकली जात असेल, तर रंग घडीत लावून उपयोग नाही, तो दिसतच नाही. आरशात पाहताना कातडी जिथे दुमडते त्याच्या वर मधली छटा दिसली पाहिजे. म्हणूनच वर डोळे उघडे ठेवून लावायला सांगितलं. वयानुसार पापणी सुरकुतली असेल तर चमकदार छटा टाळा, कारण चमक प्रत्येक सुरकुती दाखवते. मॅट तपकिरी रंगातला स्मोकी पन्नाशी-साठीतल्या डोळ्यांना छान दिसतो. "या वयात काय हे" म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

चष्म्याचं गणित वेगळं आहे. मायनस नंबरच्या भिंगामागे डोळा लहान दिसतो, म्हणून केसांलगतचा गडद भाग आणि मस्कारा जरा ठसठशीत ठेवा. प्लस नंबर डोळा मोठा दाखवतो आणि त्यासोबत प्रत्येक न विरलेला डागही. तिथे रंग हलका आणि ब्लेंडिंग चोख लागतं.

डोळ्याखाली काळी वर्तुळं असतील तर खालच्या पापणीवर गडद रंग जवळजवळ नकोच. वर्तुळांवर आधी किंचित नारिंगी झाक असलेला करेक्टर, मग कन्सीलर. आपल्याकडच्या वर्तुळांत निळसर-तपकिरी छटा असते आणि नारिंगी ती मारतो. थेट फिकट कन्सीलर लावला की पुन्हा तोच राखाडी रंग उमटतो.

मुंबईच्या घामात टिकेल का?

पूर्ण टिकणार नाही, पण सावरता येतं. मेकअप पसरतो तो घामापेक्षा तेलामुळे. त्वचेचं तेल, सनस्क्रीन आणि डोळ्याखालची क्रीम काजळातल्या मेणाला सैल करतात आणि ते खाली घरंगळतं. त्यामुळे मेकअपच्या दिवशी डोळ्यालगत जाड क्रीम नको. खालच्या आतल्या कडेला काळं काजळ न घालणं हा एकच बदल बरंचसं पसरणं थांबवतो, कारण तिथे सतत अश्रूंचा ओलावा असतो. पर्समध्ये कापूस लावलेल्या दोन काड्या ठेवा. नागपूरच्या कोरड्या थंडीत उलट अडचण येते, पापणीची त्वचा कोरडी पडून रंग पापुद्र्यांत अडकतो. तिथे अर्धा तास आधी हलकं मॉइश्चरायझर लावून ते टिपून घ्यावं.

घरचं काजळ शुद्ध असतं ना?

एरंडेल किंवा तुपाचा दिवा, वर तांब्याचं भांडं, त्यावर धरलेली काजळी तुपात खललेली: असं काजळ अनेक घरांत आजही बनतं. त्यात शिसं नसतं, हे मान्य करायला हवं. पण काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन, आणि ते तूप महिनोन् महिने डबीत राहतं, त्यात घरातल्या सगळ्यांची बोटं जातात. जंतू वाढायला एवढं पुरेसं आहे. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते यासाठीच. त्याने डोळे मोठे होत नाहीत. जन्माच्या वेळी साधारण १७ मिलिमीटर असलेलं नेत्रगोल मोठेपणी २४ मिलिमीटरच्या आसपास जातं, काजळ घाला अगर घालू नका.

शिशाचा धोका आहे तो सुट्या, विनालेबल सुरम्यात आणि अंजनात. गॅलेना नावाचं काळं, चकाकणारं शिशाचं खनिज कुटून बनवलेला सुरमा आजही बाजारात सापडतो. आपल्या कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे, आणि त्यातल्या रंगांमध्ये शिशाचा अंश दहा लाख भागांत २० पेक्षा जास्त असू शकत नाही. पण लेबलच नसलेल्या पुडीला हा नियम लावणार कोण? लहान मुलं डोळे चोळतात आणि तीच बोटं तोंडात घालतात, त्यामुळे त्यांना धोका जास्त.

यावर एक प्रतिवाद नेहमी ऐकू येतो: "इजिप्तच्या लोकांना शिशाच्या अंजनाने फायदा झाला, हे तर शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय." फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचं असं एक काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, हे खरं. त्या अंजनातल्या शिशाच्या क्षाराची अत्यल्प मात्रा त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावते, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या यंत्रणेला जाग आणते, असं त्यांना दिसलं. पण ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर, मोजूनमापून दिलेल्या मात्रेत. त्यावरून आज बाजारातला सुरमा रोज डोळ्यांत घालणं सुरक्षित ठरत नाही.

आतल्या कडेला काजळ घालावं का?

पापण्यांचे केस आणि डोळा यांच्यामधली ओलसर कड, जिला मेकअपमध्ये वॉटरलाइन म्हणतात, तिथे तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. हे तेल अश्रूंच्या थरावर तरंगतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. रोज तिथे काजळ भरलं तर ही तोंडं बुजू शकतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की केसांच्या आतल्या बाजूला लावलेली पेन्सिल, बाहेर लावलेल्या पेन्सिलीपेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात अश्रूंच्या थरात उतरते. एखाद्या लग्नात लावलं तर आकाश कोसळत नाही. पण डोळे कोरडे राहत असतील, दिवसभर स्क्रीनसमोर बसणं असेल किंवा लेन्स वापरत असाल, तर केसांच्या बाहेरच थांबा. स्मोकीपणा तसाही बाहेरच्या विरलेल्या रंगातून येतो.

लेन्स असतील तर त्या मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप पुसण्याआधी काढायच्या. मस्काराची नळी तीन महिन्यांनी बदला. आणि काजळ-मस्कारा कुणासोबत वाटून घेऊ नका, अगदी सख्ख्या बहिणीसोबतही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा वेळी हळदीच्या घरात सगळ्याजणींच्या डोळ्यांवरून फिरणारी एकच पेन्सिल काय करू शकते, ते वेगळं सांगायला नको. पार्लरवाल्या ताईंनाही पेन्सिल नव्याने टोक काढून आणि मस्कारा एकदा वापरून टाकायच्या काडीने लावायला बिनदिक्कत सांगा. चांगल्या मेकअप आर्टिस्टला याचा राग येत नाही.

रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप उतरवूनच झोपा. क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम कापसावर घ्या, बंद पापणीवर वीसेक सेकंद नुसतं धरून ठेवा आणि मग वरून खाली एकदाच ओढा. आधी धरून ठेवलं की मेण विरघळतं, घासावं लागत नाही. केसांच्या मुळाशी राहिलेला रंग तेलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने काढा, नंतर सौम्य फेसवॉशने तेल धुऊन टाका. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात काळे कण दिसले तर ते बोटाने उकरू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. लाली किंवा टोचणं दिवसभर टिकलं तर मेकअप बंद ठेवून नेत्रतज्ज्ञांना दाखवा.